खरे बोलणे परवडावे म्हणून

खोटेपणाविषयी आपल्या समाजात दोन समजुती इतक्या खोल रुजल्या आहेत की त्या एकदा तपासून पाहाव्यात असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पहिली समजूत अशी की माणसे मुळातच दोन प्रकारची असतात, काही खरी आणि काही खोटी. एखादा मुलगा एकदा थाप मारताना सापडला की ‘तो खोटारडा आहे’ हे त्याचे वर्णन पक्के होते आणि पुढे त्याचा खरा शब्दही कोणी धरत नाही. दुसरी समजूत अशी की खोटे लपत नाही. ‘चोराच्या मनात चांदणे’ आणि ‘खाई त्याला खवखवे’ या म्हणी आपण पिढ्यानपिढ्या वापरत आलो त्या याच विश्वासावर. जो खोटे वागतो त्याचे मन त्याला खाते आणि ते त्याच्या डोळ्यांत, आवाजात, हातांच्या चाळ्यात उमटते. पाहणाऱ्याची नजर तेवढी तयार हवी, असे आपण मानतो. शाळेतले मास्तर, चौकीतला फौजदार, उलटतपासणी घेणारा वकील, घरातली वडीलधारी माणसे यांचा बराचसा कारभार या दोन समजुतींवर चालतो. खोटा माणूस हेरायचा, त्याला धरायचा आणि शिक्षा करायची, एवढाच उपाय मग शिल्लक राहतो. मानसशास्त्राने सुमारे शंभर वर्षे या विषयाचा अभ्यास केला आहे आणि त्या अभ्यासातून या दोन्ही समजुतींना फारसा आधार मिळत नाही. बहुतेक माणसे बहुतेक वेळा खरेच बोलतात. ती खोट्याकडे वळतात ती खरे बोलणे महाग पडते तेव्हा, आणि स्वतःच्या मनाला पटेल अशी सबब हाताशी असते तेव्हा. म्हणून खोटे पकडण्यावर आपण जेवढी शक्ती खर्च करतो, तिच्यातली मोठी शक्ती खरे बोलणे परवडेल अशी व्यवस्था उभी करण्याकडे वळली पाहिजे. या प्रस्तावनेत एवढेच म्हणणे पुराव्यांसह मांडायचे आहे.

आधी शब्दांचा हिशेब नीट करू. थाप, बाता, बतावणी, लबाडी, भूलथाप, फसवणूक, लोणकढी असे कितीतरी शब्द मराठीत आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे आहे. अभ्यासासाठी मात्र एक व्याख्या पुरते: बोलणाऱ्याला स्वतःला जे खरे वाटत नाही ते ऐकणाऱ्याला खरे वाटावे, या हेतूने केलेले बोलणे किंवा वागणे म्हणजे खोटे. या व्याख्येने दोन गोष्टी बाजूला पडतात. चुकीची माहिती मनापासून सांगणारा माणूस चुकलेला असतो, खोटा नसतो. रंगमंचावरचा नट किंवा कादंबरीकार कोणाला फसवत नाही, कारण समोरच्याला सगळे ठाऊक असते. उलट, शब्दाला शब्द खरा असूनही फसवणूक होऊ शकते. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, त्यामुळे युधिष्ठिराच्या तोंडचे शब्द खोटे नव्हते. पण द्रोणांनी आपला मुलगा मेला असे समजावे हाच त्या शब्दांचा हेतू होता. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, असे महाभारतकार सांगतात. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आजही आपल्या बोलण्यात आहे, कारण अर्धवट खऱ्याच्या आडोशाला उभे राहण्याची ही रीत आपल्याला ओळखीची आहे. पुढे दिसेल की प्रयोगशाळेतही माणसे नेमकी याच रीतीने वागतात.

माणसे किती खोटे बोलतात, हा पहिला प्रश्न. अमेरिकेत बेला डीपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७७ विद्यार्थ्यांनी आणि समाजातल्या इतर ७० माणसांनी आठवडाभर आपल्या खोट्याची रोजनिशी लिहिली. विद्यार्थ्यांच्या वाट्याला दिवसाला सरासरी दोन खोटी आली, इतरांच्या वाट्याला एक. ‘माणूस रोज खोटे बोलतो’ हे वाक्य तेव्हापासून जगभर फिरत राहिले. पण सरासरी फसवी असते. २०१० मध्ये किम सेरोटा, टिमथी लेव्हिन आणि फ्रँक्लिन बोस्टर यांनी १,००० अमेरिकी प्रौढांना मागच्या चोवीस तासांतल्या खोट्याविषयी विचारले, तेव्हा जवळजवळ ६० टक्के लोकांनी एकही खोटे बोललो नाही असे सांगितले, आणि नोंदवलेल्या सगळ्या खोट्यांपैकी जवळजवळ निम्मी फक्त ५ टक्के लोकांच्या नावावर जमा झाली. खोट्याविषयी माणसांनी स्वतः दिलेली माहिती कितपत धरायची, ही शंका रास्त आहे. म्हणून ज्या अभ्यासांत माणसाचे बोलणे न मोजता वागणे मोजले, ते पाहावेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून अधिक पाकिटे बँका, हॉटेले, पोस्ट, सार्वजनिक कार्यालये अशा ठिकाणी ‘सापडले’ म्हणून दिली गेली. पाकीट पारदर्शक होते, आत मालकाचा ईमेल पत्ता, किल्ली आणि वाणसामानाची यादी होती. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या मालकांना निरोप गेला, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांच्या. ४० पैकी ३८ देशांत हीच दिशा दिसली आणि त्यांत भारतही होता. तीन देशांत रक्कम वाढवून पाहिली, तर परत करण्याचे प्रमाण आणखी वाढले. सामान्य लोकांना आणि अर्थतज्ज्ञांनाही हा निकाल आधी वर्तवता आला नव्हता. देशादेशांत फरक मोठे होते, हे खरे. पण लोभ वाढला की प्रामाणिकपणा घटतो, हे आपले रोजचे गणित बहुतेक सगळीकडे चुकले. पाकीट जेवढे भरलेले, तेवढे ते ठेवून घेणे चोरीसारखे वाटते, आणि स्वतःला चोर म्हणवून घेणे माणसाला जड जाते.

मग माणसे खरी आणि खोटी अशी विभागलेली असतात का? या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर १९२८ मध्ये आले. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत अप्रामाणिक होण्याची संधी देऊन पाहिले: वर्गातल्या परीक्षेत, घरी सोडवायच्या गणितात, खेळांत, पैशांच्या व्यवहारात. वर्गात नक्कल करणारा मुलगा खेळातही लबाडी करेल, असा अंदाज ठामपणे बांधता येत नव्हता. एका प्रसंगातले वागणे आणि दुसऱ्यातले वागणे यांचा संबंध अगदी क्षीण निघाला. आपण प्रामाणिकपणा नावाचा जो गुण मनुष्याच्या अंगात कायमचा वसलेला मानतो, तो प्रसंगाप्रमाणे बदलताना दिसला. रॉजर बर्टन यांनी १९६३ मध्ये हीच माहिती पुन्हा तपासली आणि काही प्रमाणात सामायिक प्रवृत्तीही तिच्यात आहे, असे दाखवले. त्यामुळे ‘स्वभाव असे काही नसतेच’ असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. स्वभाव असतो, पण त्याच्यावर आपण जेवढा भार टाकतो तेवढा तो पेलत नाही.

प्रसंगात नेमके काय असते, हे झुरिकमधल्या एका साध्या प्रयोगाने उलगडले. उर्स फिशबाखर आणि फ्रान्सिस्का फ्योल्मी-हॉइसी यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येकाने कपाखाली फासा टाकायचा, आकडा एकट्याने पाहायचा आणि सांगायचा. जेवढा आकडा, तेवढे फ्रँक मिळणार. मात्र सहा पडले तर काहीच नाही. कोणी काय पाहिले हे कोणालाच कळणार नव्हते. सगळे खरे बोलले असते तर प्रत्येक आकडा सुमारे १७ टक्के वेळा यायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे ३५ टक्के लोकांनी पाच सांगितले. लक्ष देण्याची गोष्ट पुढची आहे: २७ टक्के लोकांनी चार सांगितले. पकडले जाण्याची भीती नसताना, पाच सांगून जास्त पैसे मिळत असताना, या माणसांनी थोडेसेच खोटे बोलून थांबणे पसंत केले. सहा पडले, म्हणजे काहीच मिळणार नाही, असे कबूल करणारेही होते. अशा प्रकारचे ९० अभ्यास एकत्र करून योहानेस आबेलर, डॅनिएल नोसेन्झो आणि कॉलिन रेमंड यांनी २०१९ मध्ये दाखवले की खोटे बोलून जेवढा फायदा उचलता आला असता, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग माणसे सोडून देतात. त्यांत ४७ देशांतले ४४,००० हून अधिक लोक होते. लोभ आणि स्वतःच्या नजरेतली प्रतिष्ठा यांच्या ओढाताणीत बहुतेकांचे वागणे ठरते. पैसा हवा असतो, पण आरशात पाहताना लबाड दिसायचे नसते. चार सांगणारा माणूस या दोहोंत तडजोड करतो. युधिष्ठिराचा रथ जिथे टेकला तीच ही जागा आहे.

ही तडजोड टिकते ती सबबींच्या जोरावर. ‘सगळेच करतात’, ‘यात कोणाचे नुकसान झाले’, ‘वरून तसाच आदेश आहे’, ‘मी फक्त सही केली’ ही वाक्ये आपण इतरांना पटवण्यासाठी बोलतो असे वाटते. खरे तर ती आधी स्वतःला ऐकवलेली असतात. महाराष्ट्रात परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे, भरारी पथके आहेत, कॉपीमुक्त अभियाने आहेत. तरीही दहावी-बारावीच्या केंद्रांवरून कॉपीच्या बातम्या दरवर्षी येतात. ज्या केंद्रावर पालक, मित्र आणि कधी कधी शिक्षकही मदतीला उभे असतात, तिथे कॉपी करणाऱ्या मुलाला आपण लबाड आहोत असे वाटण्याची वेळच येत नाही. न करणारा वेडा ठरतो. एका दिवसाच्या घोकंपट्टीवर साऱ्या आयुष्याची दिशा ठरणार असेल तर खऱ्या उत्तराची किंमत फार चढते आणि सबब फुकट मिळते. त्या मुलाला दोष द्यायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे. त्याच्यासारखी हजारो मुले एकाच वेळी तसे का वागतात, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही.

इथे एक इशारा दिला पाहिजे. प्रसंग महत्त्वाचा आहे असे म्हटले की काही जण स्वस्त युक्त्यांकडे धावतात: भिंतीवर सुविचार लावा, शपथ घ्या, अर्जावर सही खाली घेण्याऐवजी वर घ्या. या युक्त्यांना मानसशास्त्रानेच काही काळ बळ दिले. धर्माज्ञा आठवायला सांगितल्या की लबाडी थांबते, असा २००८ चा एक गाजलेला प्रयोग होता. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी तो एकत्रितपणे पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. अर्जाच्या वरच्या बाजूला सही घेतली तर माणसे खरी माहिती भरतात, असे सांगणारा लेख २०१२ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला. २०२० मध्ये त्याच्या लेखकांनीच मोठे प्रयोग करून तो परिणाम मिळत नाही असे जाहीर केले, आणि २०२१ मध्ये त्यातल्या एका प्रयोगाचे आकडे बनावट असल्याचे दिसून आल्यावर तो लेख मागे घेतला गेला. प्रामाणिकपणाच्याच अभ्यासात असे घडले, हे या शास्त्राला लागलेले गालबोट आहे आणि ते लपवून या विषयाची ओळख करून देणे अप्रामाणिक ठरेल. पण ते खोटे कसे उघडकीला आले, हेही पाहावे. कोणी कोणाचा चेहरा वाचला नाही. प्रयोगाची मूळ माहिती खुली झाली होती. ती इतर संशोधकांनी उघडून पाहिली आणि आकडे बोलले.

चेहऱ्यावरून खोटे ओळखता येते, हा विश्वास तर याहून दुबळा आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये खरे-खोटे ओळखण्याविषयीचे सगळे उपलब्ध प्रयोग गोळा केले. २४,००० हून अधिक परीक्षकांची सरासरी अचूकता निघाली ५४ टक्के. नाणे उडवून निकाल दिला असता तर ५० टक्के आली असती. पोलीस, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ यांचाही निकाल सामान्य माणसापेक्षा फारसा बरा नव्हता. फक्त त्यांचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास मोठा असतो. जगभरातल्या डझनावारी देशांत केलेल्या पाहणीत ‘खोटे बोलणारा नजर चुकवतो’ ही सर्वांत पसरलेली समजूत निघाली, आणि नजर चुकवण्याचा खोट्याशी भरवशाचा संबंध नाही, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. घाबरलेला निर्दोष माणूस आणि घाबरलेला गुन्हेगार बाहेरून सारखेच दिसतात. माणसाची नजर कमी पडते म्हणून यंत्रांकडे वळावे, तर तिथेही तीच अडचण येते. पॉलिग्राफ रक्तदाब, श्वास आणि त्वचेचा ओलावा मोजतो. तो भीती नोंदवतो, खोटे नोंदवत नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात धरला, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरोपीच्या संमतीविना नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूलहरींची चाचणी करता येणार नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा मानायची नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आले आणि नव्या साक्ष अधिनियमातही टिकले. दडपणाखाली निघालेले बोलणे खरे असेलच असे नाही, हे कायद्याला मानसशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते.

दडपणाने खरेपणा वाढतो का, याचे उत्तर सर्वांत स्पष्टपणे मुलांकडून मिळते. तीन-चार वर्षांचे मूल पहिल्यांदा खोटे बोलते तेव्हा आईवडील हादरतात. पण खोटे बोलण्यासाठी, मला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, हे आधी कळावे लागते, आणि तोंडावर आलेले खरे आवरावे लागते. या दोन्ही बौद्धिक वाढीच्या खुणा आहेत. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना प्रसिद्ध केली. एका शाळेत चुकीला मार होता, दुसरीत नव्हता. मुलाला पाठमोरे बसवायचे, मागे खेळणे ठेवायचे, ‘वळून पाहू नकोस’ असे सांगून मोठ्या माणसाने बाहेर जायचे आणि परत येऊन ‘पाहिलेस का’ असे विचारायचे, असा प्रयोग होता. दोन्ही शाळांतली बहुतेक मुले वळून पाहत. मार मिळणाऱ्या शाळेतल्या जवळजवळ सगळ्याच मुलांनी ते नाकारले, आणि नाकारलेले पुढच्या प्रश्नांतही अधिक सफाईने टिकवले. छडीने मुलांना खरे बोलायला शिकवले नव्हते. चांगले खोटे बोलायला शिकवले होते. याच संशोधकांच्या गटाने २०१४ मध्ये गोष्टींचाही परिणाम तपासला. आपल्याकडे ‘लांडगा आला रे आला’ म्हणून सांगितली जाणारी गोष्ट आणि खोटे बोलले की नाक लांबणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकून मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. खरे बोलल्याबद्दल वडिलांनी मुलाला जवळ घेतले, अशी वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेली मुले मात्र अधिक वेळा खरे बोलली. शिक्षेच्या गोष्टीतून मूल शिक्षा टाळायला शिकते. खरे बोलण्याच्या गोष्टीतून त्याला खरे बोलणे शक्य आहे, एवढे कळते.

मोठ्यांचे जग याहून वेगळे नाही, हे गुजरातमधल्या एका कामाने दाखवले. तिथल्या मोठ्या कारखान्यांना दरवर्षी प्रदूषणाची तपासणी करून घ्यावी लागे. तपासणी करणारी संस्था कारखानाच निवडे आणि पैसेही तोच देई. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासह दोन वर्षांचा प्रयोग केला. जुन्या पद्धतीत धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अहवालांत अवघे ७ टक्के दिसत होते. प्रत्यक्ष मोजणीत ते ५९ टक्के निघाले. अहवालांतले आकडे मर्यादेच्या किंचित खाली येऊन दाटीवाटीने थांबत. नव्या पद्धतीत कोणता तपासनीस कुठे जाईल हे चिठ्ठीने ठरू लागले, पैसे एका मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने मिळू लागले आणि काही ठिकाणी अचानक फेरमोजणी होऊ लागली. खोट्या ‘सर्व काही ठीक’ अहवालांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले, आणि कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. तपासनीस त्याच क्षेत्रातले, त्याच शिक्षणाचे होते. कोणी त्यांना नीतीचे पाठ दिले नाहीत. आधी खरा आकडा लिहिणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काम गमावणे होते. नंतर ते तसे राहिले नाही. कुंपणच शेत खाते, असे आपण हताशपणे म्हणतो. कुंपण कोणाच्या मालकीचे आहे, हे विचारले तर उपाय सापडतो. विमानवाहतुकीने हा धडा मोठी किंमत मोजून शिकला. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळले. सहा आठवड्यांपूर्वी दुसरे विमान त्याच गोंधळातून थोडक्यात वाचले होते, पण ती गोष्ट सगळ्यांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था नव्हती. १९७६ मध्ये अमेरिकेत नासाकडे एक नोंदणी व्यवस्था सोपवली गेली: हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळवली तर दंड माफ होतो आणि नाव काढून टाकले जाते. आजवर लाखो वैमानिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी आपल्या चुका आपणहून लिहून दिल्या आहेत.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते टाळण्याजोगे नाहीत. पहिला असा की निम्मी खोटी जर ५ टक्के लोक बोलतात, तर खोटारडी माणसे असतातच. होय, असतात. रेमा हाना आणि शिंग-यी वांग यांनी बंगळुरूमध्ये विद्यार्थ्यांना ४२ वेळा फासा टाकायला लावला, तेव्हा आकडे वाढवून सांगणाऱ्यांना सरकारी नोकरीची ओढ जास्त असल्याचे दिसले. पण डेन्मार्कमध्ये असाच अभ्यास झाला तेव्हा उलटे चित्र मिळाले. तिथे प्रामाणिक विद्यार्थ्यांना सरकारी सेवा हवी होती. माणसांत फरक असतात, आणि कोणत्या प्रकारचा माणूस कुठे ओढला जाईल हे पुन्हा व्यवस्थाच ठरवते. दुसरा आक्षेप असा की प्रसंगाला दोष दिला की माणूस सुटतो. कारण सांगणे म्हणजे माफ करणे नव्हे. झुरिकच्या प्रयोगात सर्वांसमोर तोच फासा होता, तरी अनेकांनी खरा आकडा सांगितला. निवड शिल्लक होती. जबाबदारी मात्र जास्त ठिकाणी पोहोचते. खोटा अहवाल लिहिणारा दोषी आहेच, आणि खरा अहवाल लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देणारी व्यवस्था आखणाराही दोषी आहे. तिसरा आक्षेप धाकाचा आहे. धाक नको असे इथे कोणी म्हणत नाही. गुजरातमधली फेरमोजणी हाही एक धाकच होता. पण ती माणसाला न दरडावता वस्तुस्थितीची पडताळणी करत होती. चेहरा वाचणे आणि चिमणीतला धूर मोजणे यांत जे अंतर आहे, ते ओळखले पाहिजे.

चौथा आक्षेप सर्वांत जुना आहे: सगळेच खोटे वाईट नसते. दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा खरा पत्ता सांगणाऱ्या कौशिक नावाच्या तपस्व्याला नरकात जावे लागले, अशी कथा महाभारताच्या कर्णपर्वात आहे. टिळकांनी ‘गीतारहस्या’तल्या (१९१५) ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा महाभारत आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञ यांना समोरासमोर ठेवून केली आहे. हा प्रश्न गंभीर आहे, पण तो आपल्या मुद्द्याला बाधक नाही. दरोडेखोर दारात उभा असतो तेव्हा खऱ्याची किंमत कोणाचा तरी जीव असते. अशी वेळ ज्यांच्यावर येते त्यांना दोष कोणी देत नाही. दरोडेखोर दारापर्यंत आला कसा, हे आपण विचारतो. मरणासन्न रुग्णापासून आजार लपवणारे घर, चूक झाल्यावर मूग गिळणारी परिचारिका, नापास झाल्याचे सांगायला धजत नसलेला मुलगा यांच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारावा. दयेपोटी बोललेले बरेचसे खोटे हे खरे ऐकून घेण्याची तयारी नसलेल्या माणसांमुळे बोलावे लागते.

भारताचा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. राज्य, बायको आणि मुलगा गमावूनही सत्य न सोडणाऱ्या राजाची ती कथा आपल्याला पूज्य आहे आणि पूज्य राहावी. पण जो समाज सत्यासाठी प्रत्येकाकडून हरिश्चंद्राएवढी किंमत मागतो, त्या समाजात खरे बोलणारे थोडेच उरणार. सामान्य माणसाला सामान्य धैर्यात खरे बोलता यावे, एवढी खरेपणाची किंमत खाली आणणे आपल्या हातात आहे. पुढची पाने वाचताना वाचकाने ‘खोटे कसे ओळखावे’ याचे कानमंत्र शोधू नयेत. ते नाहीत, आणि जे देऊ करतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. त्याऐवजी आपल्या घरात, वर्गात, कार्यालयात कोणाला माझ्याशी खरे बोलणे परवडत नाही, आणि का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर देताना मात्र थोडेसेही खोटे बोलू नये.